जस्ताचं अस्तर

प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली तिच्या पर्समध्ये राहून गेली होती, म्हणून तिला कॉलेजात यावं लागलं. नाहीतर पहाटे सासूनं कायमचे डोळे मिटलेले असताना सकाळी कामावर हजर होणारी सून कुणी पाहिली असेल असं वाटत नाही. निघताना नणंद काही बोलली नव्हती. तिच्या चपलांकडे नुसती बघत राहिली होती, आणि ते बघणं बोलण्याहून झोंबणारं होतं. किल्ली द्यायची, सही करायची आणि आल्या पावली परत फिरायचं, असं मनाशी म्हणत ती भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरली आणि फोन थरथरला. कबरस्तानातला मुकादम होता. ख्रिस्ती मंडळीतल्या कितीतरी घरांना त्यानं आणि त्याच्या बापानं मातीत उतरवलं होतं, पण त्याला त्याचं नाव कुणी विचारल्याचं ऐकिवात नव्हतं. "बाई, साहेब फोन उचलेनात, म्हणून तुम्हाला लावला," तो म्हणाला. साहेब म्हणजे तिचा नवरा, मंडळीचा पाळक, पाद्री. "आजींसाठी तुमच्या घरची कबर उघडली. मोठ्या साहेबांच्या अस्थी नीट मिळाल्या, पांढऱ्या कापडात बांधून ठेवल्यात, त्या आजींच्या पायथ्याशी जातील. पण ती छोटी पेटी आहे ना. वरचं लाकूड गेलंय. आतला पत्रा मात्र तसाच आहे. कुठं सांधासुद्धा सुटलेला नाही." मागे फावडं दगडावर घासल्याचा आवाज आला. "कमिटीचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. बंद पत्रा परत मातीत घालता येत नाही. भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची तर आहे तशी बंद चालेल. मातीत आजींजवळ ठेवायची तर उघडावी लागेल. दुपारी माणसं यायच्या आत काय ते सांगा. मी खड्डा तसाच ठेवतो."

ती "बरं" म्हणाली. भाजीवाल्याला म्हणावं तसं. फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन ओढली, पुन्हा उघडली, किल्ली काढली, आणि ती हातात धरून स्टुलावर बसली. तोंडावर काही दिसत नसावं, कारण प्रयोगशाळेचा मदतनीस समोरच्या टेबलावर उष्णतामापकं मांडत होता आणि त्यानं मान वर केली नाही. तांब्याचं भांडं, त्याच्याभोवती लोकर, त्याच्याभोवती लाकडी डबा, वर घट्ट झाकण. आतली ऊब आत राहावी आणि बाहेरचं वारं आत जाऊ नये, एवढंच त्याचं काम. दरवर्षी ती मुलांना सांगायची की पूर्ण बंद असं जगात काहीच नसतं, हा डबा फक्त थोडा वेळ मिळवून देतो. थोडा वेळ. ते वाक्य ती इतक्या वर्षांत इतक्या सहजपणे बोलत आली होती की आत्ता ते आठवून तिलाच तिचा राग आला. कारण पत्रेवाल्याला तिनं जी पेटी करायला सांगितली होती, तिचं चित्र काढताना तिच्या डोळ्यांपुढे हाच डबा होता. बाहेर सागवान, आत जस्ताचा पत्रा, सांध्यांवर कथील. पत्रेवाला म्हणाला होता, बाई, एवढं कशाला, मातीतच तर जायचं आहे. तिनं त्याला पेटीत पाणी भरून सांधे दाखवायला लावलं होतं. कुठून थेंब झिरपतोय का ते ती जमिनीवर वाकून बघत होती, आणि आतल्या खोलीत पाळण्यात तिचं बाळ निपचित होतं.

किल्ली दिली, सही केली. सही करताना आज नेहमीपेक्षा अक्षर चांगलं आलं, आणि त्याचीही तिला लाज वाटली. बाहेर पडताना ती इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेवरून गेली. एरवी ती लांबचा जिना घ्यायची. तिथं मुलं तारा जोडत बसलेली असतात, तापलेल्या कथलाचा आणि राळेचा वास बाहेर कॉरिडॉरमध्ये येतो, आणि तो वास तिच्या घशात अडकतो. तिच्या सहकाऱ्यांना वाटायचं की बाईंना दमा असावा. तिनंही तसंच वाटू दिलं होतं. घरात बैठकीच्या खोलीत पेटीचं झाकण कथलानं झाळलं तेव्हा हाच वास पडद्यांमध्ये बसला होता, सासूनं पडदे धुतले, पुन्हा धुतले, शेवटी काढून कुणाला तरी देऊन टाकले. आज ती लांबच्या जिन्यानं गेली नाही. पाय आपोआप सरळ चालत राहिले आणि वास आला तेव्हा तिनं श्वास रोखला.

टॅक्सीत बसल्यावर तिनं नवऱ्याला फोन लावला, तो लागला नाही. तो देवळात, चर्चमध्ये असणार, आईचं शरीर ठेवायची जागा बघत, खुर्च्या मोजायला लावत, आणि ज्याला त्याला "हो, शांतपणे गेली" असं सांगत. खरं तर शांतपणे वगैरे काही गेल्या नव्हत्या सासूबाई. शेवटचे काही आठवडे त्यांची एकच भुणभुण होती. मला त्याच्याजवळ ठेवा. त्याचे पाय गार पडतात. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा नणंदेला वाटलं म्हातारीला भ्रम झालाय, ती म्हणाली, कुणाचे पाय गं आई, बाबांचे का? सासूनं तिच्याकडे अशी नजर टाकली की नणंद गप्प झाली. मग त्यांनी सुनेकडे मान वळवली. "तू सांग," त्या म्हणाल्या, "ठेवशील ना?" आणि तिनं मान डोलावली होती, कारण मरणाऱ्या माणसापुढे मान डोलावण्याला काही लागत नाही. पत्र्याची पेटी मधे येईल हे तेव्हा तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. खरं म्हणजे आलं होतं, पण तिनं ते पुढं ढकललं होतं.

बाळाचे पाय खरोखरच गार असायचे. जन्मापासून. काळजाला छिद्र होतं आणि रक्त पायांपर्यंत पोचेपर्यंत दमून जायचं, असं डॉक्टरनं साध्या भाषेत सांगितलं होतं. सासू त्याला मांडीवर आडवं घेऊन त्याची पावलं आपल्या दोन तळव्यांमध्ये धरून बसायची. तासन्‌तास. चुलीवरचं उतू गेलं तरी उठायची नाही. सुनेला एकदा गंमत म्हणून समजावून सांगावंसं वाटलं होतं की आई, ऊब नेहमी गरमकडून गारकडे जाते, उलट कधीच जात नाही, हाच सगळ्या विश्वाचा कायदा आहे. सासू म्हणाली होती, "मग बरंच आहे की. मी गरम आहे." पुढं हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी सासूचे हात तसेच होते, पावलांभोवती, आणि ऊब जात होती, जात होती, आणि पावलं तापत नव्हती. नर्सनं हात हलकेच बाजूला केले. कायदा तोच होता, त्यानं त्याचं काम चोख केलं होतं. सगळं कुठंतरी पसरून सारखं होतं. एक दिवस सगळे तारेसुद्धा विझतात आणि सगळीकडे सारखाच गारठा उरतो. हे ती वर्गात शिकवते, परीक्षेला हमखास येतं, आणि मुलं खाली मान घालून लिहून घेतात. बाळ असतं तर आज त्याच बाकांवर बसून लिहून घ्यायच्या वयाचं असतं.

टॅक्सी सिग्नलला थांबली. शेजारच्या गाडीत एक बाई आरशात बघून ओठ पुसत होती. तिकडे बघता बघता तिला सासऱ्यांचं जेवणाचं टेबल आठवलं. मोठे साहेब, म्हणजे सासरे, हेसुद्धा पाळकच होते, जुन्या वळणाचे, जेवताना पवित्र शास्त्र काढल्याशिवाय त्यांना घास जायचा नाही. नवी सून विज्ञान शिकवते म्हटल्यावर तर त्यांना चेवच आला होता. त्यांचं म्हणणं असं की देवानं केलेल्या पहिल्या बागेत काही कुजत नव्हतं, गंजत नव्हतं. पहिल्या माणसानं आज्ञा मोडली आणि त्या दिवसापासून जगाला उतरती कळा लागली. तिनं अगदी भोळेपणानं विचारलं होतं, मग बाबा, आदामानं फळ खाल्लं ते पचलं कसं? पचणं म्हणजेसुद्धा मोडतोडच. ऊन पडायचं म्हटलं तर सूर्याला जळावं लागतं. नवऱ्यानं ताटात मान घातली. आणि सासू वाढता वाढता म्हणाली, "आधी तुम्ही समोरचं पचवा, गार होतंय." सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर ते प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, आमची सून देवालाही प्रश्नपत्रिका काढील. ते कौतुक होतं. मंडळीत कौतुक नव्हतं. मंडळीतला एक वयस्कर पंच तिला भेटला की हमखास म्हणायचा, विश्व गोठणार म्हणता, पण शास्त्रात तर अग्नी लिहिलाय, सगळं जळून जायचंय. आणि तिला वाटायचं, हा म्हणतो जळणार, मी म्हणते गोठणार, आणि दोघंही घरी जाऊन दूध फ्रीजमध्ये ठेवतो.

नवऱ्याचं मात्र वेगळं होतं. लग्नाच्या आधी, कॉलेजच्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर, तिनं त्याला असंच कोपऱ्यात गाठलं होतं. तो तेव्हा पाळक व्हायला शिकत होता. ती म्हणाली होती, मोडलेलं उलट जोडलं जात नाही, फुटलेली बशी आपोआप शाबूत होत नाही, मग तुमचं पुनरुत्थान म्हणजे फिल्म उलटी फिरवणंच ना? त्यानं हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "प्रभू उठला तेव्हा हातावरचे खिळ्यांचे व्रण तसेच होते. उलटं फिरवायचं असतं तर ते आधी पुसले असते. झालेलं झालंच आहे, त्याच्यासकट पुढं नवं." आणि मग त्यानं तिलाच उलट विचारलं, तुझा नियम बंद पेटीपुरता आहे ना? बाहेरून काही आत येत नसेल तरच? मग जग बंद आहे हे कुणी ठरवलं? ती म्हणाली, उघडं आहे हे कुणी पाहिलंय? तिथं ते भांडण थांबलं, कारण वाचनालय बंद व्हायची वेळ झाली. पण एवढं मात्र खरं की त्या उत्तरासाठी तिनं त्याच्याशी लग्न केलं होतं. म्हणून तर तिला त्याचा तेवढा राग आला. बाळ गेलं तेव्हा हा माणूस काहीच बोलला नाही. कुणाकुणाच्या घरी जाऊन बोलायचा, धीर द्यायचा, पण तिच्यापुढं येऊन नुसता उभा राहायचा. ती पत्रेवाल्याला बोलवायला निघाली तेव्हा त्यानं एकच वाक्य टाकलं: मातीला तिचं काम करू दे. आणि तिनं त्याच्यावर तोंड टाकलं. आजही तिला आपले शब्द जसेच्या तसे ऐकू येतात. "तुझ्या देवाला शोधाशोध नको. सगळं एका जागी सापडू दे त्याला. एक केससुद्धा इकडे तिकडे जाता कामा नये." त्यावर तो बाहेर गेला आणि झाकण झाळून होईपर्यंत आत आला नाही. त्यानंतर त्यांच्यात पुष्कळ बोलणी झाली, हसणंही झालं, संसार काही अडून बसला नाही, पण तो विषय त्या पेटीबरोबरच बंद झाला.

कबरस्तानाच्या फाटकाशी तिनं टॅक्सी सोडली. ऊन चांगलंच चढलं होतं. ओळीओळीनं क्रूस, काही वाकलेले, काहींवरची अक्षरं गेलेली. डाव्या हाताला ती भिंत, चौकोनी कोनाड्यांची, प्रत्येकाला संगमरवराची झडप. भिंत तिला नेहमी टपाल कचेरीसारखी वाटायची. मुकादम कडुनिंबाच्या सावलीत उभा होता आणि त्याच्या पायाशी गोणपाटावर ती पेटी ठेवलेली होती. तिनं लांबूनच ओळखली आणि जागच्या जागी थांबली. किती लहान होती. आठवणीत ती एवढी लहान नव्हती. पत्र्यावर पांढरट बुरशीसारखे डाग, कोपऱ्यांवर लाकडाचा भुगा चिकटलेला, आणि सांध्यांवरची कथलाची रेघ अगदी शाबूत. चांगलं काम केलं होतं पत्रेवाल्यानं. हा विचार तिच्या मनात आलाच, आणि तो आला म्हणून तिनं नजर दुसरीकडे वळवली.

"बसा बाई," मुकादम म्हणाला. "पाणी देऊ?"

"नको. मामा, तुम्ही अशा पेट्या पाहिल्यात? उघडलेल्या?"

तो फावड्याच्या दांड्यावरची माती नखानं खरवडत राहिला. "मातीत उघडं ठेवलेलं माणूस माती नीट नेते," तो म्हणाला. "हाडं स्वच्छ मिळतात, हातात घ्यायला भीती वाटत नाही. बंद पत्र्यातलं तसं नसतं. तिथं माती पोचतच नाही, आतल्या आतच काय व्हायचं ते होतं. खोटं कशाला सांगू. मी तुम्हाला बघू नका असंच सांगेन. कोनाड्यात ठेवा, वर नाव घाला, फुलं ठेवत जा. तुम्हालाही बरं, मलाही बरं. त्या वेळी ही पेटी मी मातीत जाऊ दिली, पाळकसाहेबांचं लेकरू म्हणून. कमिटीनं विचारलं तर मी काय सांगू?"

आतल्या आतच काय व्हायचं ते होतं. हे ती फळ्यावर लिहिते. बंद व्यवस्थेत पसारा वाढतच जातो, कधी कमी होत नाही. खोली आपोआप आवरली जात नाही, बाहेरून कुणीतरी आत यावं लागतं. एकदा मागच्या बाकावरून कुणी म्हणालं होतं, मॅडम, आमच्याकडे आई येते, आणि सगळा वर्ग हसला होता, तीसुद्धा. ज्या नियमाला ती घाबरत होती, त्याच्याच तोंडी तिनं मूल दिलं होतं. उघड्यावर निदान मुळं आली असती, पाऊस झिरपला असता, काहीतरी त्याला भेटायला आलं असतं. तिनं वाट सगळी बुजवून टाकली होती आणि वर त्याला सांभाळणं म्हटलं होतं. आणि तरीही, तरीही झडपेमागचा तो कोनाडा तिला बोलावत होता. तिथं बाळ तिला ठाऊक होतं तसंच राहणार होतं, डोळे मिटलेलं, कपाळावर एक केसांची बट. तिथं काही ठरवावं लागणार नव्हतं. एकदा उघडलं की सगळं सुटणार, मिसळणार, आणि मग कोण कुठून गोळा करणार. एकदा एका विद्वान पाहुण्यानं तिला सांगितलं होतं की शरीराची काळजी करू नये, विश्व थंड पडलं तर पडू दे, आत्मा त्याच्या पलीकडचा आहे. ती काही बोलायच्या आत सासूच म्हणाली होती, "आत्म्याचं मला काही कळत नाही हो. मला त्याचे पाय हवेत." पाहुणे चहा अर्धा टाकून उठले होते.

नवरा फाटकातून आला तेव्हा त्याच्या अंगात विधीचा पांढरा झगा अजून नव्हता, तो घडी करून हातावर टाकलेला होता. त्यानं आधी खड्ड्याकडे बघितलं, मग गोणपाटाकडे, आणि मग तो तिच्यापासून थोडा दूरच उभा राहिला. चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची, घरात तू. आज मुकादम ऐकत होता तरी तिच्या तोंडून तूच निघालं.

"तुला कळलं?"

"मुकादमाचा मग पुन्हा फोन आला." त्यानं झगा दुसऱ्या हातावर घेतला. "तू म्हणशील तसं करू."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. "हेच. इतकी वर्षं हेच. मी म्हणेन तसं. तू काय म्हणतोस ते मला एकदा ऐकू दे."

"कोनाड्यात ठेवू," तो म्हणाला. "आईला कळणार नाही. तुला त्रास नको."

"हे तू माझ्यासाठी बोलतोयस. तुझं काय?"

तो खाली बसला, मातीच्या ढिगाऱ्यावरच, चांगल्या पँटनिशी. बराच वेळ झग्याची घडी चाचपत राहिला. तिला वाटलं आता पुन्हा तेच, आता हा उठेल आणि कामाला लागेल. "मी प्रत्येक दफनाला मेलेल्यांच्या उठण्याबद्दल बोलतो," तो अखेर म्हणाला, आणि त्याचा आवाज उपदेशातला नव्हता. "लोकांना धीर येतो. मलाही बोलताना येतो. आणि आपल्या कबरीजवळ आलो की तोंडाला कोरड पडते. म्हणून मी इथं तुझ्याबरोबर कधी येत नाही, काम काढतो. मला एकच दिसतं, तो आत आहे आणि चारी बाजूंनी झाळलेलं आहे. त्याच्यापर्यंत काही पोचायचं तर कुठून. मूर्खपणा आहे हे कळतं मला. ज्यानं कबरीच्या तोंडावरचा एवढा मोठा दगड लोटला त्याला पत्रा काय जड आहे. पण माझ्या जिवाला ते पटत नाही. मला श्वास कोंडतो."

"मग तेव्हा का नाही बोललास? झाकण लावत होते तेव्हा?"

"तुझ्याकडे तेवढंच उरलं होतं," तो म्हणाला. "ते मी कसं काढून घेणार होतो."

तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. उलट अंगातली सगळी धग डोक्यात चढल्यासारखी झाली. दोघंही त्या पेटीला घाबरत होती, एकाच घरात, एकाच टेबलावर जेवत, आणि दोघांनीही ती भीती आपापल्या डब्यात घट्ट लावून ठेवली होती. फाटकाबाहेर गाडीचा आवाज आला. मुकादमानं मान वळवून बघितलं आणि कुणी आत येत नाही असं पाहून पुन्हा तिच्याकडे बघितलं. तो काही विचारत नव्हता, पण वेळ संपत आली होती हे तिघांनाही ठाऊक होतं.

"मामा," ती म्हणाली, "पायांकडची बाजू कुठली?"

मुकादमाला शोधावं लागलं नाही. "ही. पाय पूर्वेकडे ठेवतो आम्ही, उठल्यावर तोंड उगवतीकडे यावं म्हणून. मीच ठेवली होती."

"मग इथून उघडा. सगळं झाकण नको. पायांकडून."

"बाई, एकदा विचार करा."

"केला."

नवरा उठला. त्याला वाटलं ती मागे सरेल, म्हणून त्यानं हात पुढं केला, पण ती पुढं गेली आणि चपला काढून गोणपाटाशी गुडघ्यांवर बसली. मुकादमानं पत्रा कापायची कात्री आणली, आधी छिन्नी सांध्यावर टेकवली आणि हातोडीचा हलका ठोका दिला. काही झालं नाही. दुसरा दिला. कथील दबलं, आणि बारीकशा फटीतून हवा सुटल्याचा आवाज झाला. अगदी एवढासा. आतला दाब आणि बाहेरचा दाब सारखे झाले, हे तिला तत्क्षणी कळलं, आणि शेजारी नवऱ्यानं डोळे मिटून घेतले, त्याला काय ऐकू आलं ते तिनं विचारलं नाही. राळेचा वास येईल म्हणून तिनं श्वास रोखून धरला होता. वास आला तो जुन्या, बंद कपाटाचा. मुकादमानं कात्रीनं कोपरा कापला, पत्रा वर वळवला, आणि स्वतः आत न बघता बाजूला सरकला.

तिनं बघितलं. आधी काहीच कळलं नाही. मग पिवळं दिसलं. विणलेलं, लोकरीचं, रंग थोडा उतरलेला, पण पिवळंच. लहानसा मोजा, आणि त्याच्या मागे दुसरा. तिचं डोकं चालेनासं झालं. तिनं तर लोकर घालायची नाही असं निक्षून सांगितलं होतं, लोकरीत ओल धरते, ओल असली की सगळं लवकर खराब होतं. सासूनं मोजे हातात धरले होते आणि तिनं ते त्यांच्या हातातून काढून घेऊन खुर्चीवर ठेवले होते. नंतर ते खुर्चीवर नव्हते. घर पालथं घातलं होतं तिनं त्या मोज्यांसाठी, निदान तेवढं तरी आपल्याजवळ राहावं म्हणून, आणि सासू शेजारी उभी राहून म्हणाली होती, जातात गं कुठंतरी, शोधू नकोस. तिनं दोन बोटं आत घातली. लोकर बोटांना लागली. आत काहीतरी होतं, अगदी हलकं, टणक, आणि तिनं ते दाबलं नाही, नुसतं धरलं, सासू धरायची तसं. गार होतं. नवरा तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला होता, त्यानंही बघितलं, आणि त्याच्या घशातून एक आवाज निघाला आणि तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागला, इतका की मुकादम झाडाकडे निघून गेला.

ढिगाऱ्याच्या खालची माती ओली होती. तिनं ती बाजूला सारली आणि वरची घेतली, सकाळपासून उन्हात पडलेली. मुठीत चटका बसण्याइतकी तापली होती. ती तिनं कापलेल्या कोपऱ्यातून आत सोडली, मोज्यांवर, पुन्हा एक मूठ, पुन्हा एक. ऊब गरमकडून गारकडे जाते. तेवढीच जाईल, मग माती गार होईल, हेही तिला ठाऊक होतं. पुढचं तिला ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि तोही माती भरू लागला.

मंडळी आली तेव्हा छोटी पेटी खड्ड्यात उतरवून झाली होती, उघडा कोपरा सासूचे हात येतील त्या बाजूला करून. मुकादमानं त्यासाठी थोडं आडवं खणलं होतं आणि कमिटीचं मी बघतो असं म्हणाला होता. नवरा झगा चढवायला गेला. नणंद गर्दीतून पुढं आली, तिच्या अनवाणी पायांकडे बघितलं, मातीनं भरलेल्या हातांकडे बघितलं, मग खड्ड्यात बघितलं. वाकून तिनं वहिनीच्या चपला उचलल्या आणि कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून कडेला ठेवल्या. मग जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "मोजे होते का गं?"

ती गर्रकन नणंदेकडे वळली.

"आईनं मला तेव्हाच सांगितलं होतं," नणंद म्हणाली. "तुला सांगू नको म्हणाली. म्हणाली, तिला कळलं तर ती परत उघडायला लावेल."

गाणं सुरू झालं होतं. मोठी पेटी खांद्यांवरून येत होती आणि लोक वाट करून देत होते.

"होते," ती म्हणाली. "कोरडे होते."